पहिला शब्द कापला जातो

काल संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडलो आणि चष्म्यावर एकदम धुकं चढलं. मस्कतमध्ये राहणाऱ्याला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. दिवसभर एसीत गार झालेली काच आणि बाहेर समुद्रावरून आलेली जड, मिठाळ, ओली हवा. अरबीत तिला रुतूबा म्हणतात. पार्किंगमध्ये सगळेच क्षणभर आंधळे होऊन आपापल्या गाड्या चाचपत होते. कुणीतरी वैतागून उसासा टाकला. मी शर्टाच्या टोकानं काचा पुसत होतो आणि हसत होतो. तेवढ्यात बायकोचा फोन.

"हसताय काय?"

"रुतूबा आली."

"मग त्यात हसण्यासारखं काय? इथं गॅलरीत कपडे वाळेनात."

तिचं खरं आहे. वादी अदाईतल्या आमच्या फ्लॅटला दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत. दिवसभर तापलेला तो काळा दगड अंधार पडल्यावरही ऊन ओकत असतो, आणि त्यात ही ओल. भिंतीला हात लावला तर भिंतीला घाम. पण मला या ऋतूचं अप्रूप आहे, आणि ते लपवायचं मी आता सोडून दिलं आहे. तसं बरंच काही लपवायचं सोडून दिलं आहे. त्यातलं एक इथं सांगतो. मुळात मी कमी बोलणारा माणूस. एवढं बोलायलाही मला पन्नाशी गाठावी लागली.

याच दिवसांत मस्कतमधल्या रुवी भागातल्या दुकानांबाहेर प्लास्टिकच्या डब्यांतून ताजा खजूर येतो. अर्धा कडक पिवळा, अर्धा मऊ तपकिरी, एकाच फळात दोन वयं. त्याला रुतब म्हणतात. रुतूबा आणि रुतब हे शब्द सख्ख्या बहिणी आहेत, हे मला कॅप्टन सालिमनं सांगितलं. दोघींच्या पोटात ओलच आहे, म्हणाला. सालिम एका लहानशा मासेमारी बंदराचा प्रमुख. त्या बंदराच्या रेडिओखोलीत घालवलेला एक उन्हाळा हाच माझा ऋतू. बाकी सगळे उन्हाळे मी नुसते सोसले.

पण आधी कामाचं सांगायला हवं. लग्नकार्यात भेटलेली माणसं विचारतात, तुम्ही तिकडे नक्की करता काय? मी म्हणतो, गाळतो.

"चहासारखं?"

"चहासारखंच. फक्त चोथा दिसत नाही."

हवेत एकाच वेळी किती जण बोलत असतात याची कल्पना कान देऊ शकत नाहीत. टॅक्सीवाले, विमानं, एफएमची गाणी, पोलीस, बोटी, सगळे एकाच वेळी, एकमेकांतून आरपार. प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणून चाललं आहे. पण एखादा शेजारी फार मोठ्यानं बोलू लागला की नाजूक कानाचा रिसीव्हर गुदमरतो. त्याला ज्याचं ऐकायचं आहे त्याचंही ऐकू येईनासं होतं. मग आम्ही फिल्टर बसवतो. चित्रात दाखवण्यासारखी वस्तू नाही ती. उभ्या पत्र्याच्या नळकांड्या, दूधवाल्याच्या किटल्यांसारख्या, वर एक दांडी. दांडी आत-बाहेर केली की स्क्रीनवरच्या हिरव्या रेषेत एक खड्डा पडतो आणि सरकत जातो. जो आवाज नको, त्याच्या बरोबर खाली तो खड्डा आणून ठेवायचा. आवाज खड्ड्यात पडतो. गेला. या क्षणाचं सुख मला कधी शिळं झालं नाही.

फुकटात मात्र काही गाळता येत नाही. फिल्टर नको असलेल्याला अडवतो, तेव्हा हव्या असलेल्यातलाही थोडा अंश खातो. कितीही महागातला घ्या, खातोच. आमच्या हिशेबात त्याला जागा ठेवलेली असते. माझ्या स्वतःच्या हिशेबात ठेवलेली नव्हती.

आई गावी असते, दापोलीच्या बाजूला, आमच्या बौद्धवाडीत. हा शब्द मी इतक्या सरळ लिहिला हे वाचून मस्कतमधले माझे जुने ओळखीचे चकित होतील. आईच्या फोनची एक रीत आहे. ती म्हणते, "जय भीम, बाला." आणि थांबते. समोरून जय भीम आल्याखेरीज तिच्या दृष्टीनं फोन लागलेलाच नसतो. रेडिओचंही असंच असतं: हाक द्यायची, उत्तराची वाट बघायची, उत्तर आलं की पुढचं बोलायचं. ही शिस्त ती कुठल्या कॉलेजात शिकली नाही. तिच्या वडलांनी घातलेला तो पायंडा. दारात आलेल्याला आधी जय भीम, मग पाणी.

आणि मी काय म्हणायचो? "हं, बोल."

किंवा "हं, ऐकतोय." किंवा नुसतंच "हं."

हे सुरू झालं रुवीत. लग्नाआधी आम्ही सात-आठ मराठी माणसं एका फ्लॅटमध्ये राहायचो, एकत्र मेस. खाली मनी एक्स्चेंज, समोर बसचा थांबा, जिन्यात सदोदित तळलेल्या कांद्याचा वास. एकदा जेवताना नागपूरकडच्या एका इंजिनिअरला घरून फोन आला. त्यानं मोकळ्या आवाजात जय भीम म्हटलं आणि बोलत बोलत बाहेर गेला. टेबलावरच्या एकानं म्हटलं, "अच्छा..."

एवढंच. कुणी ताट हलवलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. पण त्या 'अच्छा'ची लांबी मला ऐकू आली. लांबी ऐकणं हा माझा धंदाच आहे. दुसरा म्हणाला, "वाटलं नव्हतं हां बघून." आणि माझ्याकडे भाजीचं भांडं सरकवलं, आपल्यातला समजून. मी भाजी घेतली. 'मीपण' हा एक शब्द म्हणायचा होता, तो म्हटला नाही. तो इंजिनिअर परत येऊन माझ्याच शेजारी बसला, त्याला पोळी वाढली, आणि त्या दिवसापासून खोलीत कुणी असलं की मी आईच्या जय भीमच्या बरोबर खाली खड्डा आणून ठेवायला शिकलो. पुढे खोलीत कुणी नसलं तरी. दांडी एकदा बसली की बसली.

आईनं काही दिवस चालवून घेतलं. मग एकदा म्हणाली, "तुझ्या फोनाला रेंज नाय काय रे? तुझा पयला सबुद ऐकूच येत नाय."

आणि मी, संपर्क यंत्रणेचा इंजिनिअर, तिला म्हणालो, "हो आई. पहिला शब्द कापला जातो."

खोटं असं सुचावं लागत नाही, ते हाताशी असतं. वॉकीटॉकीचं बटण दाबल्याबरोबर बोलायला लागलं तर यंत्र जागं होईपर्यंत पहिला शब्द खरंच कापला जातो. बंदरावरच्या माणसांना मी दरवर्षी शिकवतो: बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. तीच गोष्ट मी आईला विकली. ती शहाणी बाई, तिनं विश्वास ठेवला. वाडीत सांगत फिरली, परदेशातून पहिला शब्द येत नसतो. त्यानंतर ती जय भीम म्हणून थोडी जास्त थांबायची. तेवढ्या थांबण्यात जे काही असायचं, ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. कुठल्याही फिल्टरनं ते गेलं नाही.

आता तो उन्हाळा.

बंदरातली तक्रार साधी होती. रुतूबा चढली की लहान बोटींचं बोलणं रेडिओखोलीत ऐकू येत नाही. आधीच्या हंगामात एका बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. तिचा नाखवा हाका मारत राहिला आणि रेडिओवर गाणी लागली होती. गाणी, खरोखरीची. दुसऱ्या बोटीला ते वाटेत सापडले म्हणून निभावलं. सालिम मला मोहंदिस, म्हणजे इंजिनिअर, अशीच हाक मारायचा; पहिल्याच दिवशी समुद्राकडे बोट दाखवून त्यानं सांगितलं, "मोहंदिस, मोठी बोट मला नको ऐकवू. मोठी बोट ओरडते. मला छोटी ऐकव."

गाणी यायची त्याचं कारण या ऋतूत आहे. या दिवसांत समुद्रावर हवेचे दोन थर बसतात, खाली ओला आणि त्यातल्या त्यात गार, वर वाळवंटाकडून सरकलेला कोरडा आणि तापलेला. दोहोंच्या मध्ये एक अदृश्य नळ तयार होतो. एरवी ज्या लहरी क्षितिजापाशी सुटून आभाळात विरून जातात, त्या या नळात शिरतात आणि पार दुसऱ्या किनाऱ्यावरून घसरत आपल्या दारात येतात. इराण, पाकिस्तान, हिंदुस्थान, कुठूनही. पाहुणे बोलावलेले नसतात आणि आवाज चढा असतो.

रेडिओखोलीचा ताबा बशीरभाईंकडे होता. रत्नागिरीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि हाक मारणाऱ्या प्रत्येक बोटीला चिडवल्याशिवाय उत्तर न देणारे. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"कुठलं गाव म्हणालात, साहेब?"

"दापोलीकडचा."

"अरे वा! आपल्याच मुलखातले. वाडी कुठली?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न काय विचारतो हे ठाऊक असतं. मी सहज म्हणालो, "वादी अदाई."

बशीरभाई इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "अवो साहेब, इथली वादी नाय! तिकडली वाडी! मी मोहल्ल्यातला. तुम्ही कुठले?"

मी स्क्रीनवरच्या हिरव्या रेषेकडे बघत राहिलो. ते पुढचे कितीतरी दिवस मला हाक मारताना "काय ओ, वादी अदाई!" म्हणायचे. त्यांच्या थट्टेत विष नव्हतं. माझ्या उत्तरात होतं.

काम कित्येक आठवडे चाललं. छपरावर अँटेना तापून हात लावू देत नसे. खाली मासे उतरवायचा धक्का, बर्फाच्या यंत्राचा खडखडाट, सुरमईचे लांब चंदेरी देह, मांजरं. दुपारी फिल्टरची दांडी जिथं बसवावी ती संध्याकाळपर्यंत उष्णतेनं केसभर सरकलेली असे आणि खड्डा गाण्याच्या बाजूला जाऊन पडे. गाणं आपलं चालूच. बशीरभाई म्हणायचे, "साहेब, राहू द्या, आवाज बरा आहे बाईचा." आणि मी पुन्हा दांडी धरायचो.

मग एका संध्याकाळी, चहा आणि रुतबची ताटली मध्ये असताना, गाणं गेलं. हळूहळू नाही, एकदम. जशी दुधावरची साय बोटानं उचलावी तशी ती सगळी गर्दी उचलली गेली आणि खाली स्वच्छ खरखर राहिली. त्या खरखरीतून, फार लांबून, एक बारीक आवाज आला. लहान बोट. आत समुद्रात, हातातल्या स्वस्त सेटवरून एक म्हातारा नाखवा कुणालातरी विचारत होता की बर्फ शिल्लक आहे का.

सालिम उठून उभा राहिला. त्यानं माइक घेतला, बटण दाबलं, एक श्वास थांबला, आणि विचारलं, आवाज कसा येतोय? पलीकडून म्हातारा म्हणाला, "तमाम! तमाम!" सालिमनं माझ्या पाठीवर एवढ्या जोरानं थाप मारली की चष्मा निसटला. "छोटी!" तो हिंदीत ओरडला, "छोटी बोट बोलता है!" बशीरभाईंनी म्हाताऱ्याला सांगितलं, बर्फ आहे, पण तुला नाही, तू मागच्या वेळचा खोका परत आणला नाहीस. म्हातारा शिव्या देऊ लागला. इतक्या स्पष्ट शिव्या त्या खोलीत कित्येक उन्हाळ्यांत ऐकू आल्या नव्हत्या. मी आयुष्यात फार कमी वेळा जिंकलो आहे. त्या संध्याकाळी मी जिंकलो होतो.

आणि तेव्हाच दुसरा आवाज आला.

"ए, गावलं काय म्हावरं?"

"कुठं रं! नुसता कचरा!"

बशीरभाईंच्या हातातला खजूर तसाच राहिला. श्रावण सरत आला होता, तिकडे नारळी पौर्णिमा होऊन बोटी बाहेर पडल्या होत्या, आणि अख्खा समुद्र ओलांडून, त्या हवेच्या नळातून, आमचा किनारा मस्कतच्या बंदरात बोलत होता. बोली ओळखायला आम्हाला अर्धं वाक्यही लागलं नाही. गाण्याच्या गर्दीखाली तो आवाज बहुधा दर उन्हाळ्यात होता. आम्हाला आत्ता ऐकू आला.

"अरे हे आपले लोक!" बशीरभाई जवळजवळ नाचायला लागले. मग शिस्तीचा माणूस जागा झाला. "पण साहेब, हा पण बोटींच्या आड येणार. याला पण काढा फिल्टरनं."

"हा निघत नाही."

"का बरं? गाणं निघालं की."

"गाणं परक्या फ्रिक्वेन्सीवर होतं. हा आपल्याच फ्रिक्वेन्सीवर आलाय. याला अडवायचं तर आपलाच कान बंद करावा लागेल. फार तर आपण चॅनल बदलू."

प्रशिक्षणात हे वाक्य मी कितीतरी वेळा बोललो असेन, फळ्यावर आकृती काढून. त्या दिवशी ते बोलून झाल्यावर मी माइककडे बघत बसलो. बशीरभाईंनी विचारलं, "काय झालं?" सालिमनं विचारलं, "मोहंदिस, तब्येत?" बाहेर बर्फाचं यंत्र थांबलं होतं, त्यामुळे खोली फार शांत वाटत होती.

पुढे बंदरातल्या बोटींना उन्हाळ्यापुरता दुसरा चॅनल दिला. एक जुना सेट मात्र बशीरभाईंनी पहिल्या चॅनलवरच ठेवला आहे. काल मी फोन केला तेव्हा मागून तो वाजतच होता. "आत्ताच लागलाय," म्हणाले, "दोघं भांडतायत जाळ्यावरून. वहिनींना ऐकवा." मी बायकोच्या कानाला फोन लावला. ती कपड्यांचं विसरली.

पण त्या दिवशी, खोली शांत असताना, मी खिशातून मोबाइल काढला आणि आईला लावला. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे, दिवेलागण झालेली असणार. आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो, संध्याकाळी वाडी विहारात जमते, कुणीतरी ग्रंथ वाचतं, बाकीचे ऐकतात. आई हटकून पुढे बसते. ती उचलणार नाही असं मला अर्धवट वाटत होतं, अर्धवट हवंही होतं. सालिम खुर्चीत परत बसला होता. बशीरभाई माझ्याकडेच बघत होते.

तिनं उचलला. "जय भीम, बाला." आणि थांबली.

मी एक श्वास थांबलो.

"जय भीम, आई."

बशीरभाईंची मान किंचित कलली. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं आता खरंच रेंज गेली. मग मी जे कधी बोललो नव्हतो ते घाईघाईनं बोलू लागलो. "आई, ऐक. रेंज चांगली होती. आधीपासून चांगलीच होती. शब्द कापला जात नव्हता, मीच..."

"आत्ता कशाला काढलास ते रेंजचं!" आई म्हणाली. तिचा आवाज असा चढला होता की जणू मीच वाचनात व्यत्यय आणत होतो. "हितं वाचन चाललंय. समद्या बाया बसल्यात. थांब, इस्पीकरवर टाकते. मोठ्यानं बोल. तुझं कुणी ऐकलेलंच नाय."

माझ्या कबुलीला तिच्याकडे वेळ नव्हता. इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलेलं माझं ओझं तिनं केराच्या सुपासारखं बाजूला सारलं आणि मला कामाला लावलं. मी बशीरभाईंकडे बघितलं. "बौद्धवाडी," मी त्यांना म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं ना."

"मग असं बोला ना राव," ते म्हणाले. "एवढं काय त्यात. बोला, बोला, बायका खोळंबल्यात."

मी मोठ्यानं म्हणालो. बंदराच्या धक्क्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सालिम दचकला. बशीरभाई त्याला भरभर सांगू लागले, "सलाम है, अर्बाब, इनके घर का सलाम," आणि सालिमनं लगेच हात छातीवर ठेवला, कारण सलामाचं उत्तर द्यायचं असतं एवढं त्याला पुरेसं होतं.

आणि मग तिकडून उत्तर आलं. आईचं, चुलतीचं, शाळेत माझ्याबरोबर असलेल्या शांताचं, ज्यांची नावं मी विसरलो त्या सगळ्यांचं, आणि मागे पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं, एकाच दमात, एवढं मोठं की फोनचा छोटा स्पीकर फाटल्यासारखा खरखरला. माझ्या धंद्यात असा आवाज आला की आम्ही तो तपासतो, मोजतो आणि दुरुस्त करतो. मी फोन कानापासून लांब धरला, हात उंच करून, खोलीत सगळ्यांना नीट ऐकू जाईल असा.